हप्त्याचं ओझं आणि शेजाऱ्यांची वर्गणी

माझी सगळी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या क्लेम विभागात झाली. आता मिरजेत ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत दर बुधवारी लोकांच्या फायली बघायला बसते आणि या पानावर तुमच्या पत्रांना उत्तरं देते. या खेपेच्या पत्रांत दोनच सूर आहेत. हप्ता झेपत नाही, हा एक. आणि कंपनीच्या घशात घालण्यापेक्षा आपणच मिळून काही केलं तर, हा दुसरा. दुसऱ्या सुराच्या पत्रांना जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला उत्साह खरा आहे आणि धोकाही खरा आहे. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ६७. पत्नी ६३. दोघांचा मिळून ५ लाखांचा फ्लोटर २०१४ पासून आहे. एकदाच, पत्नीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला क्लेम घेतला. २०२१ मध्ये २४ हजार हप्ता होता, यंदाची नोटीस ४७ हजारांची आहे. जीएसटी माफ झाला म्हणतात, मग हे काय? पॉलिसी सोडून तेच पैसे मुदत ठेवीत टाका, असं मुलगा म्हणतो. (सांगली)

उत्तर : गुरुजी, सोडू नका. मुलाचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. दरवर्षी ४७ हजार ठेवीत टाकले, तर पाच वर्षांनी व्याजासकट पावणेतीन लाखांच्या वर रक्कम होईल. पण आजार पाच वर्षं थांबेल, असं त्यानं कुठे लिहून घेतलंय? आणि एकदा सोडलेली पॉलिसी ६७ व्या वर्षी तशीच परत मिळत नाही. वयाची वरची मर्यादा इर्डानं, म्हणजे सरकारच्या विमा नियामकानं, २०२४ मध्ये काढली, हे खरं. पण कंपनी तपासण्या मागणार, बीपी-शुगर निघाली की लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लावणार, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकणार. तुम्ही हे सगळं केव्हाच पार केलंय. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. हे संरक्षण तुम्ही हप्ते भरून कमावलंय, ते घालवू नका.

आता जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के कर शून्य झाला. पण तो तुमच्या पावतीवरचा कर. कंपनी कमिशनवर, भाड्यावर, जाहिरातीवर जो कर भरते, त्याची वजावट तिला पूर्वी मिळायची. ती बंद झाली, आणि तो भार मूळ हप्त्यात मुरवण्याकडे कंपन्यांचा कल असतो. त्याखेरीज वयाची पायरी आहे. दर सहसा ६१ ते ६५, ६६ ते ७० अशा टप्प्यांनी लावतात आणि फ्लोटरमध्ये थोरल्याचं वय धरतात. तुम्हाला ६६ लागलं त्या वर्षीची पावती काढून बघा, उडी तिथे सापडेल. बाकीची वाढ म्हणजे कंपनीनं दरच वाढवलेला असतो. नोटिशीत हे वेगवेगळं करून दाखवत नाहीत. लेखी मागा. ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा, तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावं लागतं. त्याआधी झालेली वाढ यानं परत येणार नाही, पण यापुढच्या प्रत्येक नोटिशीला उत्तर लिहिताना ही तारीख पत्राच्या पहिल्या ओळीत घाला. कंपनीतल्या माणसाला कळतं, समोरचा वाचून आलाय.

हप्ता खाली आणायचा एक रस्ता आहे, पण त्याला क्रम आहे. सुपर टॉप-अप पॉलिसी एका रकमेच्या वरचा खर्च देते. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. समजा, ३ लाख डिडक्टिबलची १० लाखांची घेतली, तर वर्षभरातल्या बिलांचे पहिले ३ लाख तुमच्या मूळ पॉलिसीनं द्यायचे, पुढचं ती बघते. हिचा हप्ता त्या मानानं बराच कमी असतो. ती आधी घ्या, तिची जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत संपू द्या, आणि मग मूळ पॉलिसी ५ वरून ३ लाखांवर आणा. लोक उलटं करतात, आधी जुनं कमी करतात आणि नव्या पॉलिसीचा अर्ज नामंजूर होतो. कंपनीच बदलायची असेल, तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. नोटीस हातात पडेपर्यंत ती वेळ बऱ्याचदा गेलेली असते.

तीन वर्षांनी तुम्ही सत्तरीत जाल. तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार (घरातल्या अशा सगळ्या ज्येष्ठांत मिळून) त्यात मिळतात, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालते. यादीतलं रुग्णालय मात्र लागतं.

प्रश्न : एजंट म्हणतो, शुगर फॉर्मवर लिहू नका, हप्ता कमी बसेल, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. (कराड)

उत्तर : पाच वर्षांनी विचारत नाहीत, असं नाही, मुद्दाम लपवल्याचं सिद्ध झालं की तेव्हाही विचारतात. आणि पहिल्या पाच वर्षांत ॲडमिट झालात, तर केस पेपरवर ‘मधुमेह, दहा वर्षांपासून’ असं डॉक्टर तुमच्याच तोंडून ऐकून लिहितात. अशा फायली मी रोज बघत होते. एजंट बदला.

प्रश्न : आमची सोसायटी ६४ फ्लॅटची. सर्वसाधारण सभेत एक ठराव आला : प्रत्येक फ्लॅटनं महिन्याला १ हजार रुपये काढायचे, आजारी पडेल त्याला त्यातून बिल द्यायचं, आणि विमा कंपन्यांना रामराम ठोकायचा. तरुण सभासद तयार आहेत, ज्येष्ठ तर फारच तयार आहेत. मी सेक्रेटरी. कायद्यात बसतं का आणि चालेल का? (नाशिक)

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, ‘ज्येष्ठ फारच तयार आहेत’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळी अडचण तिथेच आहे. ज्याला येणी जास्त दिसतात तो आधी हात वर करतो. दोन वर्षं एकही बिल न लावलेला तिसाव्या वर्षाचा सभासद तिसऱ्या वर्षी विचारेल, मी कशाला भरू? तो गेला की उरलेल्यांचं सरासरी वय वाढतं आणि वर्गणीही. तुमचा हप्ता ज्या कारणांनी वाढतो, त्यातलं हे एक मोठं कारण. तेच तुम्ही घरात आणताय.

आकडे मांडू. ६४ फ्लॅट, महिना हजार, वर्षाचे ७ लाख ६८ हजार. माणसं धरा अडीचशे. माझ्या टेबलावरच्या अंदाजानं, मिश्र वयाच्या अडीचशे माणसांत वर्षाला दहा-बाराजण तरी ॲडमिट होतात. डेंग्यू, अपेंडिक्स, एखादं सिझेरियन, मोतीबिंदू; चांगलं वर्ष असेल तर निभेल आणि सभेत टाळ्याही पडतील. वाईट वर्षी एक बायपास, दोन्ही गुडघे बदललेली एक आजी आणि एक कॅन्सर आला की दिवाळीच्या आत डबा रिकामा. भिशीत प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. इथे एकाच जिन्यावर लागोपाठ तिघांची पाळी येऊ शकते आणि पैसे तेवढेच असतात. कंपनीकडे लाखांनी माणसं असतात म्हणून तिला ते सोसतं, ती हुशार आहे म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट हिशेबात बसत नाही. नाही कोण म्हणणार? मी नोकरीत रोज नाही म्हणत होते, पण अनोळखी माणसाला, आणि मागे नियमांचं पुस्तक होतं. तुमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दाताच्या इम्प्लांटचं बिल आणलं, तर खजिनदार नाही म्हणेल? आणि म्हणाला, तर पुढच्या गणपतीत ते दोघं एका आरतीला उभे राहतील?

कायद्याचं थोडक्यात. ‘इतका हप्ता भरा, इतकी भरपाई मिळेल’ असं वचन दिलंत की तो विमा झाला, आणि १९३८ च्या विमा कायद्यानुसार तो धंदा नोंदणीशिवाय करता येत नाही. त्यासाठी आजवर १०० कोटींचं भांडवल लागत आलंय. छोट्या सहकारी आणि परस्पर संस्थांना २० कोटींत परवानगी द्या, अशी शिफारस ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या मिराई चॅटर्जी यांच्या समितीनं २०२० मध्ये इर्डाला केली होती. तेवढेही तुमच्याकडे नाहीत. वचन न देता, समितीच्या मर्जीनं मदत करणारा सहाय्य निधी मात्र असू शकतो. मग त्याला विमा म्हणू नका, पावतीवर तर मुळीच नाही.

तरीही तुमची कल्पना मला वेडेपणाची वाटत नाही, कारण हे आपल्याकडे झालेलं आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या गावांसाठी ज्वारीचा विमा सुरू केला. डॉ. उल्हास जाजू यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सुगीत ज्वारी गोळा व्हायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची थोडी. मिळायचं मात्र सगळ्यांना सारखं. अचानक आलेल्या आजाराला रुग्णालयात मोफत उपचार. आधीच ठाऊक असलेल्या, ठरवून करायच्या ऑपरेशनला पूर्ण माफी नाही, काही वाटा स्वतः द्यायचा. आणि अट ही, की गावातली पाऊण घरं तरी सामील झाली पाहिजेत. मला सगळ्यात शहाणपणाची अट ती वाटते. आजारी असेल तोच येईल, ही वाट तिथेच बंद केली. ज्वारी थोर होतीच, पण रुग्णालयाचा खर्च काही तिच्यावर निघत नव्हता. त्या संस्थेला केंद्र आणि राज्य सरकारचं मोठं अनुदान आहे. गावाची ज्वारी आणि सरकारचा पैसा अशी ती जोडी होती. कौतुक करताना लोक दुसरा भाग गाळतात.

दुसरं उदाहरण सीमेपलीकडचं. माझी मावसबहीण निपाणीला दिली आहे. तिच्या घरात सहकारी सोसायटीमार्फत काढलेलं यशस्विनीचं कार्ड होतं. कर्नाटकनं २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी ही योजना आणली, डॉ. देवी शेट्टी त्यामागे होते. वर्षाला माणशी ६० रुपये, वर सरकारची भर. पहिल्याच वर्षी १६ लाखांच्या आसपास लोक आले. जमलं कारण फक्त ऑपरेशनं घेतली, आणि प्रत्येक ऑपरेशनचा दर रुग्णालयांशी आधीच ठरवला. पुढे वर्गणी १२० रुपये झाली आणि सभासद घटले. साठाचे एकशेवीस! तेवढ्यानं लाखो लोक मागे फिरतात, हे तुमच्या हजार रुपयांच्या ठरावाशेजारी ठेवून बघा. २०१८ मध्ये ती योजना दुसऱ्या सरकारी योजनेत मिसळली आणि २०२२ मध्ये पुन्हा वेगळी काढावी लागली.

पुण्यात अन्नपूर्णा परिवार वस्त्यांतल्या कष्टकरी बायकांना कर्ज देतो, डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी उभी केलेली संस्था. त्यांचा स्वतःचा आरोग्य निधी आहे आणि दावे मंजूर करायला सभासद बायकाच बसतात. तिथे ‘नाही’ म्हणणं जमतं, कारण भरपाईची मर्यादा छोटी आणि सगळ्यांना पाठ असते, आणि समोरची खोटं बोलत असेल तर शेजारणीला ते डॉक्टरच्या आधी कळतं.

या तिन्ही ठिकाणी नुसता पैसा जमवला नाही, बिलाला आधी लगाम घातला. रुग्णालय स्वतःचं, नाहीतर दर ठरलेला, नाहीतर भरपाईला ठाम मर्यादा. तुमच्या ठरावात बिल किती यावं यावर कसलाच ताबा नाही. रुग्णालय लिहील तो आकडा, आणि डबा तुमचा.

म्हणून मी सुचवते ते असं. पॉलिसी प्रत्येकानं आपापली ठेवावी. डब्याचं काम वेगळं असावं. रात्री अकराला माणूस ॲडमिट करताना काउंटरवर ४०-५० हजारांची अनामत मागतात. कॅशलेसची मंजुरी कंपनीनं एका तासात द्यायची आणि डिस्चार्जची तीन तासांत, असं इर्डाचं २०२४ चं परिपत्रक आहे. पण त्या तासाआधी, आणि कंपनीनं शंका काढून कागद मागितले तर नंतरही, लोक दागिने आणि नातेवाईक शोधत फिरतात. तुमचा डबा ती अनामत द्यायला वापरा. मदत म्हणून नव्हे, उसनी म्हणून. ५० हजारांची कमाल मर्यादा, बिनव्याजी, क्लेम आला की परत. महिना ३०० रुपये पुरे. ६४ फ्लॅटचे वर्षाला २ लाख ३० हजार ४०० होतात आणि पैसा फिरत राहतो. तरुण सभासदही यात टिकेल, कारण त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला त्यालाही हेच लागणार आहे. हा पैसा मेंटेनन्सच्या खात्यात मिसळू नका, ऑडिटर अडवेल आणि बरोबर अडवेल. ओळखीच्या पतसंस्थेत वेगळं खातं आणि दोन सह्या, आणि वर्गणी परत मिळणार नाही हे पहिल्या दिवशी लिहून सह्या.

याहून मोलाचं एक काम फुकट होतं. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाली. खासगी रुग्णालयांनी महत्त्वाच्या सेवांचं दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी लावणं बंधनकारक आहे. तुमच्या परिसरातल्या पाच-सात रुग्णालयांत दोन सभासदांनी जाऊन दरपत्रकं टिपून आणावीत. लावलेलं नसेल तर विचारावं. खाटेचा, आयसीयूचा, डॉक्टर व्हिजिटचा दर एका तक्त्यात घालून लिफ्टशेजारी लावा. मग समितीनं जाऊन बोलावं : आमची ६४ घरं आहेत, तपासण्यांना आणि खोलीला काय सवलत देता? मोठी रुग्णालयं दाद देणार नाहीत, मधली देतात. वॉकर, व्हीलचेअर, एअरबेड विकत घेऊन ठेवा. माणूस बरा झाला की ही वस्तू माळ्यावर जाते, आणि खालच्या मजल्यावरचा नवी आणतो. आणि क्लेमचे कागद समजणारी एक व्यक्ती सोसायटीत हवीच. निवृत्त बँकवाला बहुधा सापडतोच, आणि त्याला वेळही असतो.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ४१० सभासद आहेत. एका ब्रोकरनं ग्रुप पॉलिसीचा प्रस्ताव दिलाय : वैद्यकीय तपासणी नाही, पहिल्या दिवसापासून जुने आजार कव्हर, हप्ता बाजाराच्या निम्मा. घ्यावी का? (सातारा)

उत्तर : अध्यक्षसाहेब, पहिल्या वर्षी हे सगळं खरं असेल. दुसऱ्या वर्षाचं विचारलंत का? ग्रुप पॉलिसी एका वर्षाची असते आणि पुढचा दर तुमच्याच ग्रुपच्या क्लेमवरून ठरतो. सगळेच साठीपुढचे, जुने आजार पहिल्या दिवसापासून, म्हणजे वर्षभर थांबवून ठेवलेली गुडघ्यांची आणि मोतीबिंदूची ऑपरेशनं पहिल्या सहा महिन्यांत होणार. मग कंपनी एकतर दर चढवते किंवा नूतनीकरणाला नकार देते. बँकांतून निवृत्त झालेल्यांना विचारा. त्यांची ग्रुप पॉलिसी २०१५ पासूनची, त्यात लाखांनी माणसं, तरीही हप्ता चढत चढत पुष्कळांनी सोडून दिली. तुम्ही ४१०.

वर ग्रुप पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी माफ झालेला नाही, म्हणजे ‘निम्मा’ करासकट मोजा. आणि केवळ विमा काढण्यासाठी ग्रुप बनवता येत नाही. तुमचा संघ जुना आणि नोंदणीकृत आहे तोवर ठीक, पण विम्यापुरते सभासद घ्यायला लागलात की अडचण येईल. ज्यांच्याकडे कसलीच पॉलिसी नाही आणि वैयक्तिक मिळतही नाही, अशांनी जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे स्वतःची आहे त्यांनी तिला हात लावू नये. ग्रुप बंद झाला तर सभासदाला त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी, जुनी मुदत धरून, मिळेल का, हे ब्रोकरकडून नव्हे, कंपनीच्या लेटरहेडवर घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही बचत गटातल्या बारा जणी. कोणाची धुणीभांडी, कोणाची शिलाई. माझे मालक एका प्रोसेसिंग कारखान्यात आहेत. विम्याचा हप्ता आम्हाला जमणारा नाही. गटातून काही करता येईल का? (इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुम्ही हप्त्याच्या मागे लागूच नका, आधी हक्काचं घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कार्ड पांढरं असलं तरी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या उपचारांना. तिथे आरोग्यमित्राचा कक्ष असतो. ॲडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार त्याच्यापुढे ठेवा. बिल झाल्यावर गेलात तर काही होत नाही. रेशनकार्डावरची आणि आधारवरची नावं जुळतात का, हे बाराही जणींनी या आठवड्यात बघून घ्या, कारण ॲडमिट होताना गाडी नेमकी तिथे अडते. सासरचं नाव एकावर, माहेरचं दुसऱ्यावर. योजनेचा फोन १५५३८८.

तुमच्या मालकांच्या कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१ हजारांच्या आत असेल, तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो. पगारातून पाऊण टक्का कापतात, कारखानदार सव्वातीन टक्के भरतो. १२ हजार पगाराला तुमचे ९० रुपये महिना. त्यात घरच्या सगळ्यांचे उपचार येतात, आणि आजारी रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. बाजारातली कुठली पॉलिसी तेवढ्यात हे देत नाही. कारखान्यात विचारायला भीती वाटत असेल, तर ते मला समजतं. मग ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन विचारायला सांगा, कारखान्याचं नाव तिथे आहे की नाही एवढंच.

यादीत न बसणारा आजार आला तर धर्मादाय रुग्णालय गाठा. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार, ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, माणूस खाटेवर असताना तो निघत नाही.

मग गटाला काम काय उरलं? पुष्कळ. धुणीभांडी करणारी बाई आठ दिवस दवाखान्यात गेली, तर उपचार फुकट होऊनही आठ दिवसांची मजुरी बुडते, सोबत बसणाऱ्याची बुडते, रिक्षा लागते, डबा लागतो. हे कुठलीच योजना देत नाही. तुमच्या अंतर्गत कर्जातून त्याला वेगळा कप्पा काढा आणि हप्ते कामावर परत गेल्यावर सुरू करा. तिची दोन घरं आठ दिवस दुसरीनं धरली, तर कामही जात नाही. ते तुम्ही करत असणारच, मी नव्यानं काय सांगू.

प्रश्न : वडिलांच्या अँजिओप्लास्टीचं बिल ३ लाख २० हजार झालं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ५ हजार, आम्ही ८ हजारांची घेतली, सहा दिवस. कंपनीनं सगळ्या बिलाचा पाच-अष्टमांश काढून फक्त २ लाख दिले. खोलीचा फरक आम्ही सोसलाच असता, पण स्टेंट आणि औषधं खोलीप्रमाणे महाग होतात का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही होत, आणि कंपनीला तसं कापताही येत नाही. प्रमाणात कपात फक्त खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या खर्चाला लागते : डॉक्टर, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग. औषधं, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), स्टेंटसारखी इम्प्लांट्स आणि तपासण्या यांना ती लावायची नाही, असं इर्डानं २०२० पासून ठरवलेलं आहे.

तुम्ही पाठवलेल्या बिलावरून हिशेब करते. खोली ४८ हजार, त्यातले ३० हजार मान्य. औषधं, स्टेंट आणि तपासण्या दीड लाख, पूर्ण मान्य. राहिले १ लाख २२ हजार, त्याचा पाच-अष्टमांश ७६ हजार २५०. एकूण २ लाख ५६ हजार २५०. म्हणजे ५६ हजार २५० रुपये कमी मिळालेत. हातमोज्यांसारख्या किरकोळ ‘नॉन-मेडिकल’ वजावटी निघतील, तेवढं धरून चाला. त्या रुग्णालयात डॉक्टरांचे दर सगळ्या खोल्यांना एकच असतील, तर तेवढीही कपात चालत नाही. बिलिंग काउंटरवरून तसं लिहून मिळतं का बघा.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हा हिशेब एका पानावर पाठवा. टीपीएला, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेला नाही, कंपनीला. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे अर्ज करा. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत पॉलिसीची अटींसकट प्रत, सविस्तर बिल, डिस्चार्ज समरी, स्टेंटचं स्टिकर आणि कंपनीचं सेटलमेंट लेटर. स्टिकर केस पेपरवरच राहिलं असेल, तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात वडिलांच्या सहीचा अर्ज द्या.